जमवायच्या खेळण्यांचा ब्रँड जास्त माल काढून कसा उतरतो? दिवाळीआधी किती नग उचलावेत?

गोलाई_गिफ्ट (लातूर)

नमस्कार मंडळी. गंजगोलाईच्या आसपासच्या गिफ्ट दुकानांत सध्या तीन गोष्टींना नाव घेऊन गिऱ्हाईक आहे: ब्लाइंड बॉक्समधली (म्हणजे आत कोणतं डिझाइन आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही अशा खोक्यातली) ती दातवाली बाहुली लबूबू, मोठ्या डोक्याच्या फंको पॉप आकृत्या आणि हॉट व्हील्सच्या गाड्या. कॉलेजची पोरं मोबाइलवर फोटो दाखवून विचारायलेत. आतापर्यंत मागूनही माल मिळत नव्हता. आता ठोकवाला स्वतःहून फोन करायलाय, "पाहिजे तेवढा उचला, दिवाळीत तुटवडा पडेल." माल भरपूर आहे तर तुटवडा कशाचा, हे उमगेना.

जमवायच्या खेळण्याचा ब्रँड जास्त माल काढला की उतरतो, असं ऐकून आहे. ते नेमकं कसं घडतं? दुकानात बसून त्याची चाहूल आधी लागते का? आणि एका प्रकाराचे ६० नग उचलायचे म्हटलं तर हिशोब कसा धरावा? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

खाम_काठ (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, "भरपूर आहे" आणि "तुटवडा पडेल" ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून आली की समजायचं, वरून माल ढकलला जातोय.

जमवायच्या खेळण्याला दोन जातीचं गिऱ्हाईक असतं. एकाला ती वस्तू आवडते. तो एक नग नेतो, बॅगेला लटकवतो, विषय संपला. दुसरा त्याच वस्तूचे चार नग नेतो आणि खोकं उघडत नाही, कारण पुढं कोणीतरी जास्त पैसे देईल असा त्याचा भरवसा असतो. विक्रीच्या आकड्यात कंपनीला हे दोघं सारखेच दिसतात. मागणी चौपट झाली असं वाटून ती कारखान्याला चौपट माल सांगते. तो काही महिन्यांनी दुकानात पोचतो आणि फळीवर ढीग दिसताच दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक हात आखडतं. तेवढ्यावर थांबत नाही, घरात जपून ठेवलेले नगही विकायला काढतं. म्हणजे मागणी घटली त्याच आठवड्यात आवक दोन बाजूंनी वाढते: कारखान्यातून आणि लोकांच्या कपाटांतून. भाव पायरी-पायरीनं न उतरता धाडकन खाली येतो तो यामुळं.

धडधडीत उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या टाय कंपनीच्या बीनी बेबीज. १९९३ साली नऊ प्राण्यांपासून सुरुवात झाली. पोटात प्लॅस्टिकचे दाणे, किंमत पाच डॉलरच्या आसपास. मोठ्या साखळी दुकानांना माल द्यायचाच नाही, फक्त छोट्या गिफ्ट दुकानांना, तोही मोजून. मधूनच एखादा प्राणी "निवृत्त" केला म्हणून जाहीर करायचं. त्याच सुमारास, १९९५ साली, ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू झाली होती. कोणता नग कितीला गेला हे घरबसल्या सगळ्यांना दिसू लागलं आणि तेजी पेटली.

आता माल कसा वाढला ते बघा. एप्रिल १९९७ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं लहान मुलांच्या जेवणाबरोबर छोट्या बीनी दिल्या. जवळपास १० कोटी नग. पाच आठवडे पुरतील असा अंदाज होता, दोनेक आठवड्यांत संपले. कंपनीच्या दृष्टीनं हे यशच. पण त्या दिवसापासून बीनी घराघरात पोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकुमारी डायना यांच्या स्मरणार्थ जांभळं "प्रिन्सेस" अस्वल जाहीर झालं. सुरुवातीला दुकानामागे १२ नग आले. लोकांनी धरून चाललं की एवढेच निघणार, आणि भाव चढवला. पुढं तेच अस्वल मुबलक आलं. अजूनही लोक ते लाखांना विकायला लावतात. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतला फरक शिकायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण नाही.

शेवटचा घाव कंपनीनं स्वतःच घातला. ३१ ऑगस्ट १९९९ ला तिनं जाहीर केलं की वर्षअखेर सगळ्या बीनी बंद. डिसेंबर संपता संपता "बंद करावं की चालू ठेवावं" यावर पैसे भरून मतदान घेतलं, एका मताला ५० सेंट. पैसे दानधर्माला गेले, कौल "चालू ठेवा" असा आला आणि नवीन बीनी निघत राहिल्या. आता "निवृत्त" या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? माझ्या मते बीनी नुसत्या संख्येनं मेली नाही. "यापुढं हा निघणार नाही" हा एकच शब्द ती विकत होती आणि तोच शब्द तिनं मोडला.

चौसष्ट_एक (नांदेड)

खाम_काठ दादांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. त्याला जोडून एक गोष्ट ठामपणे सांगतो: जास्त उत्पादन झालं की ब्रँड उतरतोच, हा समज अर्धवट आहे.

हॉट व्हील्सच बघा. १९६८ साली १६ गाड्यांनी सुरुवात, १:६४ चं माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढी. आजवर अब्जावधी गाड्या निघाल्या. इतका माल दुसऱ्या कोणत्या खेळण्याचा क्वचितच निघाला असेल. तरी रोजची साधी गाडी आजही उठते, कारण ती दुर्मिळ आहे असं कोणी कधी सांगितलंच नाही. पोरगं ती घेतं, फरशीवर घासतं, चाक वाकवतं, गाडी बाद होते, पुढची येते. माल झिजतो. बीनीचं उलट झालं. लोकांनी कानाच्या लेबलला प्लॅस्टिकचं कव्हर घालून त्या डब्यात ठेवल्या, एकही झिजली नाही. जुनं खेळणं महाग होतं ते त्याचे बाकीचे भाऊबंद मोडून उकिरड्यावर गेलेले असतात म्हणून. सगळ्यांनीच जपून ठेवलं तर वीस वर्षांनीही जेवढे निघाले तेवढेच नग बाजारात असतात. नवीन ब्रँड बघताना मी हा पहिला प्रश्न विचारीन: हे मोडतं का, हरवतं का, की सगळेच खोक्यात ठेवतात?

दुर्मिळ गाड्या हॉट व्हील्सची कंपनी मॅटेल "ट्रेझर हंट" या नावानं वेगळ्या काढते. १९९५ साली ट्रेझर हंट सुरू झाल्या तेव्हा १२ मॉडेल, प्रत्येकाचे १०,००० नग, म्हणजे वर्षाला एकूण १,२०,०००. आकडा जाहीर असल्यानं भरवसा बसला. २००७ पासून सुपर ट्रेझर हंट वेगळी झाली: चकाकणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर. ठोकाची पेटी साधारण ७२ गाड्यांची असते आणि असा माल पेटीत क्वचित सापडतो. गोलाई भाऊ, इथं एक सावधगिरी. फळीवर माल लागायच्या आधीच कोणी पेट्या फोडून चांगलं काढून घेत असेल, तर उरलेल्या पेटीकडं जाणकार फिरकत नाहीत. सीलबंद पेटी मागा, टेपवर टेप मारलेली दिसली तर परत करा.

चाहूल कशी ओळखायची हे विचारलंत. गाडीच्या बुडावर उत्पादनाचा छोटा कोड छापलेला असतो: एक अक्षर वर्षाचं, पुढचे दोन आकडे आठवड्याचे. पाकिटातून बूड दिसतं, भिंग लागतं एवढंच. ताज्या म्हणून आलेल्या दहा गाड्यांचे कोड वहीत उतरवा. दोन-चार महिन्यांपूर्वीचे असतील तर माल वाहतोय. दहापैकी सात-आठ गाड्या वर्षाहून जुन्या असतील तर तो माल कुठल्या तरी गोदामात पडून होता आणि आता तुमच्या गळ्यात पडायलाय. ठोकवाल्याचं तोंड काहीही सांगो, बूड खरं सांगतं.

पूर्णा_थडी (परभणी)

लबूबूबद्दल लिहिते, कारण तिथं लोक "७२ मध्ये १" या आकड्याला फार चुकीचं समजतात.

आधी पार्श्वभूमी. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चित्रकार कासिंग लुंग यांनी २०१५ च्या सुमारास हे पात्र काढलं. २०१९ पासून चीनची पॉप मार्ट कंपनी ती काढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅगेला लटकवायची मऊ आवृत्ती आली आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन पॉप गटातल्या गायिका लिसामुळं ती जगभर गेली. या मालिकांत साधारण सहा डिझाइन नेहमीची आणि एक "सीक्रेट", म्हणजे क्वचितच निघणारं, असतं. खोक्यावर सीक्रेटची शक्यता ७२ मध्ये १ अशी दिलेली असते.

पोरांना वाटतं ७२ खोकी घेतली की सीक्रेट नक्की. तसं नाही. सुटी खोकी वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतली तर निम्म्या शक्यतेपर्यंत पोचायलाच ५० लागतात आणि ७२ खोक्यांनंतरही शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपासच राहते. दहापैकी जवळजवळ चार जणांना ७२ खोकी फोडूनही मिळणार नाही.

पण मुद्द्याची गोष्ट पुढं आहे. "७२ मध्ये १" हे प्रमाण आहे, संख्या नाही. कंपनीनं एका मालिकेचे ७ लाख २० हजार नग काढले तर सीक्रेट १०,०००. ७२ लाख काढले तर १ लाख. खोक्यावरची ओळ तीच, दुर्मिळपणा दहापट कमी. त्या १९९५ च्या गाड्यांवर १०,००० ही संख्या होती, म्हणून तुलना होऊ शकत नाही. प्रमाण सांगून संख्या लपवणारा ब्रँड कधीही उत्पादन वाढवू शकतो आणि गिऱ्हाइकाला खोक्यावरून ते कळणार नाही.

आणि उत्पादन वाढलंच. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाच्या उंचीची एक लबूबू १० लाख ८० हजार युआनला गेली. त्याच महिन्यात कंपनीनं नेहमीच्या मऊ बाहुल्यांचा मोठा साठा ऑनलाइन खुला केला आणि दुय्यम बाजारातले (घेतलेला नग पुन्हा विकण्याचे) भाव झटक्यात खाली आले. ऑगस्टपर्यंत कंपनीची मऊ खेळण्यांची क्षमता महिन्याला ३ कोटी नगांच्या आसपास, आदल्या वर्षीच्या दहापट, असं जाहीर झालं. काळाबाजार मोडायचा तर माल वाढवणं कंपनीला भागच होतं, हे मला पटतं. खऱ्या गिऱ्हाइकाला रांगेशिवाय वस्तू मिळाली, चांगलंच झालं. मात्र जो पुढं विकायच्या आशेनं घेत होता तो यापुढं येणार नाही. दिवाळीचा हिशोब त्याला वजा करून करा.

उदगीरकर

लातूरकडच्या माणसाला हे तुरीवरून चटकन समजेल. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. पुढच्या हंगामात ज्याला त्याला तूर पेरायची होती. पाऊसही बरा झाला, उत्पादन विक्रमी निघालं. २०१७ च्या सुरुवातीला आडतीवर भाव ५,०५० च्या हमीभावाखाली, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून वजनकाटे थांबलेले. पेरताना डोळ्यासमोर होता आदल्या वर्षीचा भाव, काढताना मिळाला सगळ्यांच्या पेरणीचा भाव.

खेळण्याच्या कंपनीचंही असंच. ऑर्डर आज, माल पुढच्या हंगामात.

फरक एवढाच की तूर शेवटी शिजते. भाव पडला तरी ती खाणारं माणूस आहे आणि खाली हमीभावाची फळी आहे. न उघडलेल्या बाहुलीच्या खोक्याला खाली काहीच नाही. तिचा तळ म्हणजे एखादं लेकरू ती खेळायला किती रुपयांना घेईल तेवढाच. गोलाई भाऊ, प्रत्येक वस्तूसाठी आधी हा तळ ठरवा. "नाव काढून टाकलं तर हे मऊ बाहुलं दीडशेला जाईल का?" जात असेल तर जोखीम मोजता येते.

गोलाई_गिफ्ट (लातूर)

सगळ्यांचे आभार. तुरीचं एकदम डोक्यात बसलं. आता दोन गोष्टी सांगा. फंकोचं काय झालं, त्याबद्दल कोणी बोललं नाही. आणि एका वेळी तीन ठोकवाल्यांकडं ऑर्डर टाकून ठेवावी का? इथले बरेच जण तसंच करायलेत, म्हणजे एकाकडून तरी माल येतो.

खाम_काठ (छत्रपती संभाजीनगर)

फंकोची चूक वेगळ्या जातीची. एकाच वस्तूचे फार नग यापेक्षा फार जास्त पात्रं. पॉप मालिका २०१० साली आली. साचा एकच: चौकोनी मोठं डोकं, काळे गोल डोळे, उंची पावणेचार इंच. कोणत्याही सिनेमाचा, खेळाडूचा, मालिकेचा परवाना घ्यायचा आणि त्याच साच्यात बसवायचं. एका नायकाचेच साधा, जखमी, चमकणारा, अंधारात उजळणारा असे कितीतरी अवतार. जमवणाऱ्याला "संच पूर्ण झाला" हे सुख लागतं. फळीवर दर महिन्याला नवीन दहा दिसू लागले की तो कधीच पूर्ण होणार नाही हे त्याला कळतं आणि तो संचच सोडून देतो. तो पुढचाच नग सोडत नाही, मागचेही विकायला काढतो. हे नुकसान विक्रीच्या तक्त्यात फार उशिरा दिसतं.

२०२२ अखेर कंपनीकडं २४ कोटी ६० लाख डॉलरच्या पुढं माल साठला होता, वर्षात ४८ टक्के वाढ. ॲरिझोनातलं वितरण केंद्र भरून वाहिलं, जादा कंटेनर भाड्यानं घ्यावे लागले. मार्च २०२३ मध्ये तिनं जाहीर केलं की ३ कोटी ते ३ कोटी ६० लाख डॉलरचा माल नष्ट करणार, कारण तो ठेवायचा खर्च त्याच्यातून मिळणाऱ्या पैशापेक्षा जास्त व्हायला लागला. स्वस्तात का विकला नाही? कारण तोच माल सवलतीच्या टोपलीत पडला असता तर शेजारच्या फळीवरचा नवीन मालही पूर्ण किमतीला उठला नसता.

दुकानदाराला यातून घेण्यासारखं: पॉपमध्ये पात्र बघून घ्या, मालिका बघून घेऊ नका. परिसरात ज्याला कायम गिऱ्हाईक आहे अशी आठ-दहा पात्रं, प्रत्येकी दोन-तीन नग. "पूर्ण मालिकेचा संच घ्या, दोन टक्के जास्त सूट देतो" या मागणीला बळी पडलात तर दोन पात्रं उठतात आणि बाकीची धूळ खातात.

हिशोबवही (जालना)

तीन ठोकवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नको. सगळी साखळी इथंच बिघडते.

समजा दुकानात खरी गरज ४० नगांची आहे. टंचाईत प्रत्येक जण तिघांकडं ४०-४० सांगतो. तिघांच्या वहीत १२० ची मागणी दिसते. ते वरच्या वितरकाला "मागणी तिप्पट" म्हणून कळवतात, वितरक वरून थोडी भर घालतो. कंपनीच्या टेबलावर ४० चे दीडशे झालेले असतात. माल निघाला की तिघांकडूनही येतो, दुकानदार एकाचा घेतो, दोघांना नको म्हणतो. उरलेला ढीग म्हणजे ही खोटी मागणी. जपानच्या बांदाईनं नोव्हेंबर १९९६ मध्ये तामागोची हे हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक पाळीव प्राण्याचं खेळणं काढलं तेव्हाही असंच झालं. खेळणं मिळेना, ऑर्डरी फुगल्या, कारखाने वाढवले, आणि माल तयार होईपर्यंत वेड ओसरलं. न विकलेल्या साठ्यानं कंपनीला तोट्यात नेलं.

आता तुमचा ऑर्डरचा आकडा. कागद घ्या. गेल्या चार आठवड्यांत पूर्ण किमतीला गेलेले नग मोजा, सवलतीत गेलेले धरू नका. एकाच माणसानं एका डिझाइनचे दोनपेक्षा जास्त नेले असतील तर त्याचे दोनच धरा. समजा आठवड्याला सरासरी १४ आले. माल यायला तीन आठवडे लागतात, म्हणजे ४२. एक आठवड्याची उशी, १४. झाले ५६. हातात २० आहेत, म्हणून ऑर्डर ३६. दिवाळीच्या आठवड्यासाठी आणखी एक आठवडा वाढवा, ५०. ठोकवाल्यानं १२० वर जादा सूट दिली तरी ५० च.

६० नगांचा हिशोब, जीएसटी बाजूला ठेवून. छापील किंमत ३९९, खरेदी २८०. गुंतवणूक १६,८००. उदगीरकर दादांनी सांगितलेला तळ १५० धरू. किती नग पूर्ण किमतीला जायला पाहिजेत? प्रत्येक पूर्ण विक्री तळापेक्षा २४९ रुपये जास्त देते. साठही तळाला गेले तर ९,००० येतात, ७,८०० कमी पडतात. ७,८०० भागिले २४९ म्हणजे ३२ नग. बत्तीस पूर्ण भावात गेले तर मुद्दल सुटलं. ४० गेले आणि २० तळाला, तर हातात १८,९६०, नफा २,१६०. २५ च गेले तर १५,२२५, तोटा १,५७५. शिवाय पैसे अडकलेत त्याचं व्याज: दीड टक्क्यानं महिन्याला २५२ रुपये. म्हणून दिवाळीनंतर माल धरून ठेवण्यात अर्थ नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जे उरेल ते लगेच सवलतीत लावा. जानेवारीपर्यंत वाट बघितली तर तळ दीडशेवरून शंभरावर येतो.

खाम_काठ (छत्रपती संभाजीनगर)

ताई, हिशोब चोख आहे. त्यात चाहूल म्हणून आणखी एक रकाना जोडा: चौकशी आणि विक्री. दर आठवड्याला "हे आहे का?" असं नाव घेऊन विचारणारे किती आणि नेणारे किती. टंचाईत विचारणारे जास्त, नेणारे कमी, कारण मालच नसतो. माल आल्यावर दोन्ही जवळ यायला पाहिजेत. माल फळीवर असूनही विचारणारेच निम्म्यावर आले, तर आजची विक्री चांगली दिसली तरी पुढच्या महिन्याची गेली असं समजा. लोक विचारायचं आधी थांबतात, घ्यायचं नंतर.

ऑनलाइन भाव बघायचा तर विकल्या गेलेल्या नगांचा बघा, लावलेल्यांचा नाही. एकाच डिझाइनच्या जाहिराती आठवड्यागणिक वाढत असतील आणि भाव तोच लावलेला असेल, तर कोणी घेत नाही एवढाच त्याचा अर्थ.

चौसष्ट_एक (नांदेड)

नकली मालाचं राहून गेलं. टंचाईत नकलाही भरपूर निघतात. लबूबूच्या नकलेला तर लोक "लफुफू" म्हणून वेगळंच नाव घेतात. खरा माल वाढून भाव उतरला की नकलीचा माल गावोगावच्या आठवडी बाजारात दीडशे-दोनशेला येतो. मग बॅगेला लटकलेली खरी की खोटी हे लांबून कळेना झालं की जिनं खरी घेतली तीही काढून ठेवते. म्हणजे जास्त उत्पादनाचा हिशोब करताना नकलांचे नगही धरावे लागतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ढीग एकच दिसतो.

ओळखायचं असं: खऱ्या लबूबूला नऊ दात. खोक्यावरचा क्यूआर कोड कंपनीच्याच पानावर गेला पाहिजे, तसल्याच दिसणाऱ्या भलत्या पत्त्यावर नाही. अलीकडच्या मालिकांत पायावर अतिनील दिव्यात दिसणारी खूण असते, नोटा तपासायचा छोटा दिवा चालतो. केस ओढून बघा, बोटांत लव येत असेल तर ठेवू नका.

आणि कायद्याचं: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळ सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. क्रमांक नाही किंवा नाव भलतंच आलं, तर लेकरांसाठी म्हणून तो माल फळीवर लावू नका. माल जप्त होतो तो दुकानातून, ठोकवाला तेव्हा फोन उचलत नाही.

पूर्णा_थडी (परभणी)

जे खोकी धरून ठेवणार आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा ही व्हिनाइलची, म्हणजे बाहुल्यांच्या मऊ प्लॅस्टिकची, सगळ्यात वाईट जागा. उष्णतेनं मऊपणा देणारं रसायन पृष्ठभागावर येतं, चेहरा चिकट होतो, त्यावर धूळ बसली की निघत नाही. उन्हानं गाडीचं पारदर्शक पाकीट पिवळं पडतं. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून लांब, लाकडी किंवा लोखंडी कपाटात ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. व्हिनाइलचे दोन चेहरे एकमेकांना टेकू देऊ नका, रंग चढतो.

गोलाई_गिफ्ट (लातूर)

बुडावरचे कोड आजच बघितले. दहापैकी सहा गाड्या एका वर्षाच्या आतल्या आहेत, चार त्याहून जुन्या. गाड्या घेईन. लबूबूचे ६० ऐवजी ३६ सांगणार आहे, एकाच ठोकवाल्याकडं. त्याला परतीची अट घालता येईल का? आणि कशी?

हिशोबवही (जालना)

घालता येते आणि आत्ताच घालता येते, कारण फोन त्यानं केलाय. तोंडी "बघून घेऊ" चालणार नाही. बिलावरच लिहून घ्या: सीलबंद, न उघडलेले नग दिवाळीनंतर २१ दिवसांत परत, एकूण मालाच्या ३० टक्क्यांपर्यंत, रक्कम पुढच्या बिलात वळती. ३६ मधले १० नग असे परत जाऊ शकतात. तो पूर्ण नकार देत असेल तर अर्धा माल आता आणि अर्धा दिवाळीच्या दहा दिवस आधी, तोही त्या दिवसाच्या भावानं, असं विचारा. ज्याला खरंच तुटवडा पडणार असं वाटतं तो माणूस ही दुसरी अट लगेच मान्य करतो, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणं भाव तेव्हा वाढलेला असणार. तो का-कू करायला लागला तर ३६ चे १८ करा. परत द्यायचे नग वेगळ्या खोक्यात ठेवा, त्यावर तुमचं किमतीचं स्टिकर लावू नका. स्टिकर लागलेला नग कोणी परत घेत नाही.